रिकॉलचं काम झालं म्हणतात, तरी गाडी परत बंद का पडते?

दोषी पार्ट तपासायला किंवा बदलायला कंपनी विकलेल्या गाड्या फुकट परत बोलावते, त्याला रिकॉल म्हणतात. तक्रार साधारण अशी असते. कंपनीचा मेसेज येतो, गाडी वर्कशॉपला जाते आणि संध्याकाळी ‘रिकॉल झालं’ म्हणून परत मिळते. पंधरा दिवसांनी करमल घाटात किंवा झुआरी पुलाच्या चढावर ती पुन्हा तशीच मरते. दहा मिनिटं थांबलं की चालू होते. मग परत वर्कशॉप, परत स्कॅनर. दोषाचा कोड दिसत नाही, ‘आता ठीक आहे’ म्हणून गाडी घरी. तिसऱ्या फेरीला मालक वैतागतो आणि बाहेरच्या गॅरेजात स्वतःच्या पैशानं पार्ट बदलून घेतो. कधी त्यानंही भागत नाही.

कारणं मोजकी आहेत. रिकॉल लागतं ते चेसिस नंबराला. दोष असतो तो पार्टात. या दोघांत जी फट राहते तिथूनच बहुतेक वेळा दोष परत येतो. म्हणून आधी कागद बघायचे, मग बॉनेट उघडायचं.

चेसिस नंबर एकदा नीट वाचा

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. आरसीवर असतो, विम्याच्या पॉलिसीवर असतो आणि गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. ठोकलेली जागा मॉडेलप्रमाणे बदलते: कुठे पुढच्या सीटखाली, कुठे इंजिनमागच्या भिंतीवर. मारुतीचा नंबर ‘एमए३’नं सुरू होतो, ह्युंदाईचा ‘एमएएल’नं, टाटाचा ‘एमएटी’नं. कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या खिडकीत हा नंबर पूर्ण टाकावा लागतो. शेवटचे पाच-सहा आकडे टाकून कधी उत्तर मिळत नाही, कधी चुकीचं मिळतं.

‘रेकॉर्ड सापडलं नाही’ असं आलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. थांबा. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आरसीच्या झिजलेल्या कार्डावर ‘ओ’ वाटतो तो शून्य असतो, ‘आय’ वाटतो तो एक असतो. आठ आणि ‘बी’, पाच आणि ‘एस’ यांचीही गल्लत होते. पॉलिसीवरचा आणि पत्र्यावरचा नंबर शेजारी ठेवून जुळवा. पॉलिसीत एजंटानं टंकताना केलेली चूक वर्षानुवर्षं तशीच पुढे जाते. नंबर बरोबर असूनही काही आलं नाही, तर महिन्याभरानं परत बघा. मोठ्या रिकॉलची कामं टप्प्याटप्प्यानं घेतात, तशी यादीही उघडत जाते.

गाडी सेकंड हँड असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. बेळगाव, पुणे, कोल्हापूरहून आलेल्या गाड्या गोव्यात पुष्कळ फिरतात. कंपनीचं पत्र जातं पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर आणि मेसेज जातो त्याच्या बंद पडलेल्या नंबरावर. आरसी तुमच्या नावावर झाली म्हणून कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव आपोआप चढत नाही. त्या ब्रँडच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये आरसी दाखवून मोबाइल नंबर बदलून घ्या, आणि त्याच वेळी विचारा: ‘या चेसिसवर कुठलं कॅम्पेन उघडं आहे का?’ ‘रिकॉल आहे का’ असं विचारलं तर काउंटरवरचा माणूस फक्त जाहीर झालेलं रिकॉल बघतो. जाहिरात न करता चालणारी सर्व्हिस कॅम्पेन, म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेली दुरुस्तीची कामं, हीही त्याच्या संगणकावर असतात. ‘कॅम्पेन’ हा शब्द वापरला की दोन्ही निघतात.

‘क्लोज’ म्हणजे नक्की काय केलं?

हा सगळ्यात मोठा घोळ. संगणकावर कॅम्पेन ‘क्लोज’ दाखवतं याचे चार वेगवेगळे अर्थ होऊ शकतात, आणि मालकाला चारही वेळा ‘काम झालं’ एवढंच सांगतात.

पहिला, पार्ट खरोखर बदलला. दुसरा, फक्त तपासला आणि ‘दोष नाही’ म्हणून तोच ठेवला. पुष्कळ रिकॉलच्या जाहिरातीत ‘तपासणी करून गरज असल्यास बदल’ असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे यात लबाडी असेलच असं नाही. पण इम्पेलर (पेट्रोलच्या पंपातली चकती) किंवा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा) यांसारख्या पार्टात आज न दिसणारा दोष सहा महिन्यांनी दिसू शकतो. तिसरा, नुसतं सॉफ्टवेअर बदललं. चौथा, पार्ट आलाच नव्हता, गाडी धुऊन परत दिली आणि नोंद मात्र बंद केली. हा प्रकार विरळा, पण होतो, विशेषतः महिनाअखेरीला.

म्हणून जॉब कार्ड आणि बिल दोन्ही मागा. रिकॉलचं बिल शून्य रुपयांचं असतं म्हणून ते छापायचा कंटाळा करतात. छापायला लावा. त्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: कॅम्पेनचा क्रमांक, बसवलेल्या नव्या पार्टचा नंबर आणि त्या दिवशीचं किलोमीटर. पार्ट नंबराच्या ओळीत काहीच नसेल आणि फक्त मजुरीची ओळ असेल, तर पार्ट बदललेला नाही असंच धरा.

काढलेला जुना पार्ट घरी नेता येत नाही. रिकॉलचे पार्ट कंपनीला परत जातात किंवा नोंद करून नष्ट होतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण गाडी देतानाच सांगा, ‘जुना पार्ट डोळ्यांनी बघायचा आहे.’ त्यावरच्या लेबलाचा फोटो काढा. बॅच नंबर आणि तारीख त्या लेबलावर असते, आणि पुढे वाद झालाच तर हाच फोटो कामाला येतो.

चेसिस स्वच्छ, पार्ट दोषी

आता फटीबद्दल. होंडानं नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्युएल पंपासाठी, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपासाठी, ९२,६७२ गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं. त्यातल्या ९०,४६८ गाड्या सप्टेंबर २०१७ ते जून २०१८ मधल्या होत्या. उरलेल्या २,२०४ गाड्या आधीच्या मॉडेल्सच्या होत्या. त्या कारखान्यातून दोषी पंप घेऊन आल्याच नव्हत्या. नंतर दुरुस्तीत स्पेअर म्हणून तोच पंप त्यांत बसला होता. वर्कशॉपनं स्वतः बसवलेला पार्ट कंपनीच्या नोंदीतून सापडतो. काउंटरवरून विकत घेऊन मडगावच्या किंवा फोंड्याच्या मेस्त्रीकडून बसवलेला पार्ट कंपनीला सापडणार कसा?

म्हणजे तुमचा चेसिस नंबर रिकॉलच्या यादीत नसला तरी मधल्या काळात तो पार्ट कधी बदलला असेल, तर प्रश्न उरतोच. सेकंड हँड गाडीत हे कळायला एकच मार्ग: अधिकृत वर्कशॉपमधून गाडीची सर्व्हिस हिस्टरी काढायची आणि बसलेल्या पार्टवरचा नंबर प्रत्यक्ष वाचून घ्यायचा. उलटही घडतं. रिकॉल जाहीर होण्याआधी तुम्ही पैसे भरून पार्ट बदलला असेल, तर बिल जपून ठेवा आणि परताव्याची मागणी कंपनीकडे लेखी करा. मिळेलच याची हमी नाही, पण बिल नसेल तर विषयच संपतो.

फ्युएल पंप: दोष कुठला आणि तो ओळखायचा कसा

गाडी चालता चालता मरण्याच्या तक्रारीत हा पार्ट वारंवार येतो, म्हणून इथे जरा सविस्तर. मारुतीनं जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनोच्या मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठी बोलावल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये २०१९ साली बनलेल्या आणखी १६,०४१ गाड्या पंपाच्या मोटरसाठी बोलावल्या.

पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्यात इम्पेलर म्हणून प्लास्टिकची चकती असते, कडेला बारीक पाती असलेली. जगभर गाजलेल्या पंपांच्या रिकॉलमध्ये घडलं ते असं: काही बॅचमध्ये या चकतीची घनता कमी राहिली. अशी चकती पेट्रोल शोषते, फुगते, भेगाळते आणि पंपाच्या आतल्या भिंतीला घासते. चकती आणि भिंत यांच्यात जागा केसाएवढीच असते, त्यामुळे थोडं फुगणंही पुरतं. सुरुवातीला ती अधूनमधून अडकते, म्हणून गाडी मरते आणि परत उठते. पुढे एक दिवस उठतच नाही.

पण सगळ्या बंद पडणाऱ्या गाड्या पंपामुळे बंद पडत नाहीत. फरक असा ओळखायचा.

मरताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना चाकं इंजिनाला फिरवतच असतात. तरीही काटा झटकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) किंवा त्याची वायर संशयित. आधी झटके आले, ॲक्सिलरेटर दाबूनही जोर मिळेना आणि मग इंजिन मेलं, तर पेट्रोल कमी पडतंय.

मेलेल्या गाडीची चावी फक्त ‘ऑन’ करा, स्टार्टर मारू नका. बटणाची गाडी असेल तर ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा. मागच्या सीटखालून सुमारे दोन सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज आला पाहिजे. चालू गाडीत हा आवाज ओळखीचा करून ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी फरक कळतो. आवाज अजिबात नाही म्हणजे पंपापर्यंत वीज जात नाही किंवा पंप जाम आहे. आवाज आहे पण गाडी उठत नाही म्हणजे पंप फिरतोय, पण दाब देतोय की नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही.

यापुढचं काम वर्कशॉपचं, पण काय करायचं ते तुम्हाला माहीत हवं. गेज लावून दाब मोजायचा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीत तो साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. त्याच वेळी पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजायचं, आणि तेही पंप चालू असताना. बॅटरीवर १२.४ आणि कनेक्टरवर १० व्होल्ट मिळत असतील, तर पंप बदलून काहीही होणार नाही; रिले, अर्थ किंवा वायरमध्ये वीज गळतेय. व्होल्टेज बरोबर आणि दाब पडतोय, तर पंप किंवा त्याच्यासोबतचा फिल्टर आणि रेग्युलेटर. ही दोन मापं एकत्र घेतल्याशिवाय ‘पंप ठीक आहे’ म्हणणारा अंदाज सांगतोय, निदान नाही.

स्कॅनरमध्ये कोड नाही, हे उत्तर पुरेसं नसतं. पोर्ट इंजेक्शनच्या बऱ्याच साध्या गाड्यांत इंधनदाबाचा सेन्सरच नसतो, मग दाब पडल्याचा कोड येणार कुठून? फार तर मिश्रण पातळ झाल्याचा, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडल्याचा, कोड येतो. तो आला असेल तर त्यासोबत साठलेली ‘फ्रीझ फ्रेम’ छापून घ्या. कोड पडला त्या क्षणाचा वेग, तापमान आणि इंजिनावरचा भार त्यात असतो. कोड पुसण्याआधी घ्या. पुसल्यावर तो पुरावाही जातो.

पंप बदलताना टाकी पावभागापेक्षा कमी भरलेली असली तर काम सोपं जातं, कारण वरचं झाकण उघडताना पेट्रोल बाहेर येत नाही. झाकणाखालचं रबरी सील नवंच हवं. जुनं सील परत बसवलं तर पुढच्या वेळी टाकी गच्च भरल्यावर मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो. काम झाल्यावर टाकी पूर्ण भरा, काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा आणि वास बघा. घरी हे झाकण उघडू नका. पेट्रोलची वाफ आणि एखादी ठिणगी, एवढं पुरतं.

घाटात गाडी मेलीच, तर चावी काढू नका. स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबून धरा आणि कडेला घ्या. स्टिअरिंग जड लागेल, पण वळेल.

रिकॉलचा दोष की गोव्याचा?

निम्मा गोंधळ इथे होतो, आणि इथे वर्कशॉपचीही थोडी बाजू घ्यायला हवी. रिकॉलमध्ये पंप बदलला, गाडी तरी मरते, आणि शेवटी निघतो तो पंपाचा कनेक्टर हिरवा पडलेला. खारं वारं तांब्यावर बसलं की हिरवट पावडर धरते. कळंगुट, कोलवा, बेतूल पट्ट्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर रोज चढउतार करणाऱ्या गाड्यांत हे लवकर दिसतं. इलाज: बॅटरी काढायची, कनेक्टर काँटॅक्ट क्लीनरनं धुवायचा, सुकू द्यायचा, पिना सैल असतील तर बदलायच्या, आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारला तर चार दिवस बरं वाटतं.

बॉडीला जोडलेल्या अर्थच्या वायरी तर जवळपास कुणी बघत नाही. बोल्ट बाहेरून चकचकीत दिसतो, खाली रंग आणि गंज यांचा थर असतो. बोल्ट काढा, पत्रा घासून धातू उघडा करा, परत आवळा आणि वरून गंजरोधक लावा.

पावसात उंदीर इंजिनात घर करतात आणि वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर आणि घासून सोललेली वायर यांत फरक आहे, आणि रिकॉलच्या दाव्यात तो निर्णायक ठरतो. कुरतडलेल्या आवरणावर दातांच्या आखूड, तुटक खाचा दिसतात आणि आसपास लेंड्या असतात. घासलेली वायर एकाच बाजूनं, सपाट आणि गुळगुळीत झिजते आणि समोरच्या क्लिपवर किंवा पत्र्यावर तिची खूण उमटते. महिंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या बोलावल्या त्या इंजिनाकडचा वायरिंग लूम (वायरींचा जुडगा) घासला जाण्याच्या शक्यतेसाठीच. उंदराचं काम विम्याकडे जातं, घासण्याचं कंपनीकडे. दोन्ही ठिकाणी फोटो जवळून आणि टॉर्चच्या उजेडात काढलेले हवेत.

पेट्रोल भरल्यानंतर पाच-दहा किलोमीटरांतच गाडी अडखळू लागली तर इंधनात पाणी आहे का ते आधी बघा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासोबत वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंप ओढतो तळातूनच. या वेळी पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. पेट्रोलची पावती शोधा.

एअरबॅगचा दिवा

चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर दोष आहे. अजिबात लागला नाही तर जास्त मोठा दोष आहे: सेकंड हँड गाडीत अपघातानंतर एअरबॅग न बसवता दिव्याची वायर कापून टाकलेली असू शकते. याहून हुशार लोक एअरबॅगच्या जागी दोन ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावतात. मग दिवा नेमानं लागतो आणि विझतो, आत एअरबॅग मात्र नाही. अशा गाडीला रिकॉलचा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारं नळकांडं) बसवताना वर्कशॉप अडतं, आणि बरोबरच अडतं.

गोव्यात हा विषय सौम्यपणे घ्यायचा नाही. ताकाता कंपनीच्या जुन्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं, बऱ्याच प्रकारांत ओल शोषणारा पदार्थ न घालता. वर्षानुवर्षं दमट उकाडा आणि तापमानाचे चढउतार सोसून त्याच्या वड्या भुसभुशीत होतात. मग स्फोटाच्या वेळी त्या ठरल्यापेक्षा फार वेगानं जळतात, धातूचं नळकांडं फुटतं आणि त्याचे तुकडे एअरबॅग फाडून थेट चालकाच्या अंगावर येतात. म्हणजे धोका वाढवणारं हवामान नेमकं आपलंच. २००३ ते २०१३ च्या दरम्यानची होंडाची सिटी, सिव्हिक, जॅझ, ॲकॉर्ड, सीआर-व्ही गाडी घरात असेल, तर आजच चेसिस नंबर तपासा. जगभर काही गाड्यांत पहिल्या फेरीला बसवलेला इन्फ्लेटर त्याच कुळातला होता आणि तो परत बदलावा लागला. म्हणून ‘मागे एकदा झालंय’ यावर थांबू नका. चालक आणि बाजूचा प्रवासी, दोन्ही बाजूंची नोंद वेगवेगळी विचारा.

दिवा रिकॉलनंतर परत लागला, तर दोन ठिकाणं. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील तर स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी. पावसानंतर लागला असेल तर सीटखालचा पिवळा कनेक्टर. एसीचं पाणी जाणारी नळी तुंबली की गालिचा ओला राहतो आणि पिना गंजतात. गालिच्यावर हात दाबून बघा. एअरबॅगच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावू नका, मीटरचा करंटही बॅग उडवू शकतो. बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबल्याशिवाय कनेक्टर सोडवायचा नाही, हे मेस्त्रीलाही सांगा.

काउंटरवर ऐकू येणारी उत्तरं

‘गाडीची वॉरंटी संपलीय.’ रिकॉलचा वॉरंटीशी संबंध नाही. ‘सर्व्हिस बाहेर केलीय.’ त्याच्याशीही नाही. ‘सात वर्षं झाली.’ इथे थोडं खरं आहे. सरकार सक्तीनं रिकॉल करायला लावतं ती तरतूद सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे. कंपनीनं स्वतःहून जाहीर केलेल्या रिकॉलला ती मर्यादा नाही. वरच्या होंडाच्या जुन्या गाड्या हेच दाखवतात.

‘तपासणीचे पैसे पडतील.’ रिकॉलच्या तपासणीचे नाहीत. पण दोष वेगळा निघाला, उदाहरणार्थ गंजलेला कनेक्टर, तर निदानाचं बिल तुमचं, आणि ते मागणं गैर नाही. रक्कम आधी विचारून जॉब कार्डवर लिहून घ्या.

‘पार्ट यायचाय.’ याला उत्तर: पार्टची ऑर्डर माझ्या चेसिसवर टाका आणि ऑर्डर क्रमांक व तारीख जॉब कार्डवर लिहा. ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅगचा विषय असेल तर एक प्रश्न ईमेलवर विचारा: ‘पार्ट येईपर्यंत ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का?’ तोंडी ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस हेच लेखी देताना थबकतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच पार्ट लवकर येतो. मारुतीनं जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको या मॉडेल्सच्या ८७,५९९ गाड्या टाय रॉडसाठी बोलावल्या, कारण तो तुटला तर स्टिअरिंगच हातातून जाऊ शकतं. अशा कामात वाट बघत गाडी चालवू नका, टो करून मागा. टाय रॉड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट त्याच कामाचा भाग आहे. त्याचे वेगळे पैसे देऊ नका आणि अलाइनमेंटची छापील पट्टी घ्या.

जॉब कार्डवर तक्रार कशी लिहायची? ‘गाडी बंद पडते’ असं लिहिलं तर ‘तपासली, ठीक आहे’ असं उत्तर ठरलेलं. असं लिहा:

‘रिकॉलचं काम १२ जूनला, जॉब कार्ड क्रमांक अमुक. त्यानंतर तीच तक्रार तिसऱ्यांदा. चौथ्या गिअरमध्ये ५० ते ६० च्या वेगात, एसी चालू, टाकी पाव, सुमारे ४० मिनिटं चालवल्यावर झटके येऊन इंजिन बंद. १० मिनिटांनी चालू. बंद असताना पंपाचा आवाज नाही. इंधनदाब आणि पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज मोजून आकडे लिहावेत.’

वर्कशॉपचा सर्व्हिस ॲडव्हायझर हे टंकायला कंटाळेल. तुम्ही कागदावर लिहून आणा आणि तोच कागद जॉब कार्डला जोडून त्यावर शिक्का घ्या. चाचणीची फेरीही त्याच अटींवर करायला सांगा: पाव टाकी, एसी चालू, ४० मिनिटं. आवारात दोन चकरा मारून हा दोष दिसणार नाही.

इतकं करूनही दोष परत आला तर

कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करून केस क्रमांक घ्या. डीलरकडची तक्रार कंपनीपर्यंत पोचली असं गृहीत धरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-ए आलं आणि रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार केंद्राच्या परिवहन पोर्टलवर मालकाला गाडीतल्या दोषाची तक्रार नोंदवता येते. तिथे एका तक्रारीनं तुमची गाडी दुरुस्त होत नाही. ठराविक प्रमाणात तक्रारी जमल्यावर चौकशी होते. म्हणून त्याच मॉडेलचे आणखी मालक माहीत असतील तर त्यांनाही नोंदवायला सांगा.

स्वतःच्या नुकसानीसाठी ग्राहक कायद्याचा मार्ग. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण कंपनीला वरून विचारणा होते. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, उत्तर गोव्याचा किंवा दक्षिण गोव्याचा. गाडी मुंबईत घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. दावा तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत टाकायचा. वर्कशॉपच्या फेऱ्यांत हीच दोन वर्षं निघून जातात, तेव्हा पहिल्या जॉब कार्डची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

स्कूटर आणि भाड्याच्या गाड्या

रिकॉल फक्त चारचाकीचं असतं असा समज आहे. सुझुकीनं २०२४ मध्ये ॲक्सेस, ॲव्हेनिस आणि बर्गमन या स्कूटरी मिळून ३,८८,४११ गाड्या इग्निशन कॉइलच्या हाय टेन्शन वायरसाठी (स्पार्क प्लगला वीज नेणारी) बोलावल्या. गाड्या ३० एप्रिल ते ३ डिसेंबर २०२२ मध्ये बनलेल्या. इंजिनाच्या हालचालीनं ही वायर सतत वाकते, तिला भेगा पडतात आणि गाडी बंद पडते. भेगाळलेली वायर भिजली की वीज गळून स्पीड सेन्सर आणि थ्रॉटल सेन्सरही जाऊ शकतात. म्हणून पावसात मरणारी आणि स्पीडोमीटर शून्य दाखवणारी ॲक्सेस आली, तर सेन्सर बदलण्याआधी चेसिस नंबर तपासा. नुसता सेन्सर बदलला तर पुढच्या पावसात तोही जाईल. यामाहानं त्याच वर्षी रे झेडआर आणि फसिनो १२५ या हायब्रिड मॉडेल्सच्या सुमारे ३ लाख गाड्या ब्रेक लिव्हरसाठी बोलावल्या. त्या जानेवारी २०२२ ते जानेवारी २०२४ मधल्या.

या सगळ्या स्कूटरी गोव्यात काळ्या पाटीवर भाड्यानं फिरतात. पर्यटक तीन दिवसांनी गाडी परत देतो आणि ‘मध्ये एकदा बंद पडली होती’ हे सांगायचं विसरतो. भाड्याचा धंदा असेल तर सगळ्या गाड्यांचे चेसिस नंबर एका वहीत उतरवा, पाऊस सुरू होण्याआधी आणि हंगाम सुरू होण्याआधी, असे वर्षातून दोनदा ते कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि गाडी परत घेताना गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारा: कुठे बंद पडली का, आणि ब्रेक दाबताना काही वेगळं लागलं का. उत्तर ‘हो’ असेल तर गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला देण्याआधी त्या दोन ओळी तारखेसह वहीत लिहा. वर्कशॉपला हीच वही दाखवता येते.